रेघीचं पान कुठे गेलं?

एक होती अळी. तिच्या अंगावर काळ्या रेघा, पिवळ्या रेघा. म्हणून तिचं नाव रेघी.

रेघी राहायची बंद बागेत, रुईच्या झुडपावर. रुईची पानं खायची. कुरुम कुरुम!

शनिवार आला. मारुतीला रुईची माळ हवी. कुंपणातून हात आत आले. खुड! खुड! खुड! सगळी पानं गेली. रेघी पडली खाली. टप्प!

“अरेच्चा! माझं पान कुठे गेलं?”

रेघी रुईला म्हणाली, “रुईताई, रुईताई, पान दे. पान माझ्या पोटाला!”

रुई म्हणाली, “कुठून देऊ? माती झालीय दगड. गांडूळ उकरील माती, तर मी देईन पान.”

रेघीला काही कळेना. पान रुईचं, मग गांडूळ कशाला? पण निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

“गांडूळदादा, गांडूळदादा, माती उकर. माती रुईला. रुई देईल पान. पान माझ्या पोटाला!”

गांडूळ म्हणाला, “छे गं! माती कोरडी. नळ सोडेल पाणी, तर मी उकरीन माती.”

आता नळ? रेघीचं डोकं गरगरलं. पण निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

“नळोबा, नळोबा, पाणी सोड. पाणी गांडुळाला. गांडूळ उकरील माती. माती रुईला. रुई देईल पान. पान माझ्या पोटाला!”

नळ म्हणाला, “खर्रर्र! मी गंजलोय. माळीकाका घालतील तेल, तर मी सोडीन पाणी.”

तेल? रेघी तर तेल खात नाही! पण निघाली. फाटकाखालून बाहेर. लुटुलुटु, लुटुलुटु.

बाहेर सोपानकाका माळी बसले होते.

“काका, काका, तेल घाला. नळ सोडेल पाणी. पाणी गांडुळाला. गांडूळ उकरील माती. माती रुईला. रुई देईल पान. पान माझ्या पोटाला!”

काका म्हणाले, “काय गं पिटुकले, मी काय फाटकाखालून येऊ? माझं पोट बघ केवढं! फाटकाची किल्ली सिंधूमावशींकडे. त्या काढतील कुलूप, तर मी घालीन तेल.”

पान, माती, पाणी, तेल, कुलूप! रेघी एकदा इकडे वळली, एकदा तिकडे वळली. मग निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

समोरच्या ओट्यावर सिंधूमावशी मेथी निवडत होत्या. रेघी चढली थेट जुडीवर.

“अगं बाई! मेथीत अळी!”

“मी मेथीतली नाही. मी बागेतली. मावशी, मावशी, कुलूप काढा. काका घालतील तेल. नळ सोडेल पाणी. पाणी गांडुळाला. गांडूळ उकरील माती. माती रुईला. रुई देईल पान. पान माझ्या पोटाला!”

“त्या बागेत? तिथे नुसता कचरा! तिथे कोणी राहत नाही.”

“मी राहते,” रेघी म्हणाली. “मला भूक लागलीय.”

मावशींनी मेथी बाजूला ठेवली. मग उठल्या. किल्ली घेतली. रेघीला तळहातावर घेतलं. कुलूप काढलं. खट्ट!

मावशींनी काढलं कुलूप. काकांनी घातलं तेल. नळाने सोडलं पाणी, झुळुझुळु. गांडुळाने उकरली माती, भुसभुस.

आळीतली माणसं आली. कचरा उचलला. काकांनी विळा काढला. “हे रानटी झुडूप कापू? गुलाब लावू?”

“खबरदार, सोपानराव!” मावशी ओरडल्या. “आत राहतंय कोणीतरी!”

काकांनी विळा खाली ठेवला.

रुईने दिलं पान. कोवळं, हिरवं, लुसलुशीत. पान गेलं रेघीच्या पोटाला. कुरुम, कुरुम, कुरुम!

मग बागेत बेडूक आला. मुंगूस आलं. मधमाश्या आल्या. मुलंही आली.

रेघी मात्र झोपली. उलटी लटकून, छोट्याशा हिरव्या कुपीत. खूप दिवस झोपली.

एका सकाळी कुपी फुटली. टिच्च!

“अरेच्चा! माझ्या रेघा कुठे गेल्या? आणि पाठीवर हे केशरी-केशरी काय फडफडतंय?”

मावशी हसल्या. “पंख आहेत गं तुझे, वेडाबाई! उड!”

आणि रेघी उडाली. भुर्रर्र!