घळीची हाळी

त्या रानात कुणालाच एकट्याच्या जिवावर जगता येत नसे. वानराला लांबचं दिसे, पण वास कळत नसे. चितळांना वास कळे, पण झुडपापलीकडचं दिसत नसे. टिटवीचं दोन्ही बेताचंच, पण तिची झोप सावध. आणि बिबट्या एकच असला तरी तो कुठूनही येई. त्याचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'तो' म्हटलं तरी ऐकणारा मागे वळून बघायचा.

म्हणून रानाचा एक रिवाज होता: आधी हाळी, मग पळ. ज्याला पहिल्यांदा कळलं त्यानं ओरडायचं, ज्यानं ऐकलं त्यानं ती हाळी पुढच्याला द्यायची आणि मगच पाय उचलायचा. यात धोका होताच. ओरडणारा क्षणभर मागे राही, आणि कधीकधी त्या क्षणातच त्याचा निकाल लागे. तरी रिवाज कुणी मोडत नसे, कारण ज्याची त्याची पोरं उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाळीवर वाचणार असत. व्यवस्था काही फार गोजिरवाणी नव्हती. हुप्प्या वानर ऐन वेळी डुलक्या काढी, मोर काही कारण नसताना बोंब ठोकी, आणि टिटवीचा आवाज तर असा की कानात गवत कोंबावंसं वाटे. सगळे तिला तोंडावर आत्याबाई म्हणत आणि पाठ वळली की नाकं मुरडत.

या रानात एक सशीण होती. आईनं पवन्या गवतावरून तिचं नाव पवनी ठेवलं होतं. एका वणव्यात तिचे दोन्ही कान जळाले. त्या धुरात तिला वाट दिसेना, तेव्हा मोहरी नावाची चितळीण खूर भाजत असतानाही जागची हलली नाही. पवनी बाहेर येईपर्यंत ती ओरडत राहिली. पवनीनं आयुष्यात ऐकलेला तो शेवटचा आवाज. पुढे रान तिला कानजळी म्हणू लागलं. पवनी म्हणणारी मोहरी तेवढी उरली, आणि तेही पवनीला तिच्या तोंडाकडे बघूनच कळायचं.

बहिऱ्या सशिणीला हाळी द्यायची म्हणजे केवढा व्याप! आत्याबाईंनी उडत यायचं, डोळ्यांपुढे पंख फडफडवायचे, मग हिनं पळायचं. "तुझ्यापायी एक दिवस माझा जीव जायचा," असं आत्याबाई दर वेळी म्हणत, आणि दर वेळी येत. शब्द ऐकू आले नाहीत तरी चोचीचा वैताग पवनीला दिसे. तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होई. आत्याबाईंच्या नजरेबाहेर चरायचं नाही, ओढ्याकाठच्या कोवळ्या गवताकडे नुसतं बघायचं. पवनीला फार काही नको होतं. कुणाचे उपकार न घेता, आपल्या पायांवर, हवं तिथे चरता यावं, एवढंच.

एका वर्षी उत्तरेच्या कड्याची दरड कोसळली आणि आतली घळ उघडी पडली. काळी, खोल, तोंडाशी गुळगुळीत. हुप्प्या तिथं डोकावायला गेला असताना त्याला 'तो' दिसला, आणि त्यानं सवयीनं हाळी दिली. घळीनं ती उचलली. कडा दुमदुमला, झाडांची पानं हलली, जमीन थरथरली. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे एकदम पळाले, आणि 'त्या'ला उपाशी परतावं लागलं.

त्या वेळी पवनी ओढ्याच्या अलीकडे होती. तिच्या तळपायांतून थरथर पोटापर्यंत चढली आणि ती सुटली. झुडपात शिरून धापा टाकताना तिच्या ध्यानात आलं, की आज आपल्याला सांगायला कुणीही आलं नव्हतं. ती रडली. आनंदानं, बरं का.

मग काय! हुप्प्यानं शेंड्यावर चढणं सोडलं. घळीच्या तोंडाशी बसायचं आणि दिसलं तर हलकेच सांगायचं, बाकीचं घळ बघून घेई. काही दिवसांनी तेही लागेना. घळ आपण होऊन हाळी देऊ लागली, आणि ती कधीच चुकत नसे. 'तो' ओढ्याकडे निघाला की ओढ्याकडे, टेकडीकडे निघाला की टेकडीकडे, अगदी अचूक.

"पण घळीला कळतं कसं?" साळिंदरानं एकदा विचारलं.

"तुला कशाला नसत्या चौकशा?" हुप्प्या म्हणाला. "जीव वाचतोय ना?"

सगळे हसले, आणि पवनी सगळ्यांत जास्त हसली. घळीचं कौतुक करताना तिचं तोंड दुखत नसे. ती आता ओढ्याकाठी एकटी चरे, टेकडीपलीकडे जाई, अंग धरू लागली होती. "आत्याबाई, आता तुम्ही सुखानं झोपा," असं ती मोठ्या मनानं सांगून आली. आत्याबाई उडून माळावर जाऊन बसल्या. त्यांना झोप कुठली यायला?

मग घळ इतरही काही सांगू लागली. उंबर कुठं पिकलाय, खारी माती कुठं आहे, कोण कुणाबद्दल काय म्हणालं. ऐकणारे रंगून जात. तेवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातली दोन भेकरं 'त्या'ची शिकार झाली. घळीचा आवाज तिथवर पोचला नव्हता म्हणे. "इतक्या लांब राहायचंच कशाला?" असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली, आणि जो तो बिऱ्हाड हलवून घळीसमोरच्या मैदानात आला. दाटी झाली, गवत तुडवलं गेलं, पण सोबत होती. तिथं जन्मलेल्या वानरांच्या पोरांना खकारून हाळी देता येईना, आणि चितळांची पाडसं वाऱ्याकडे नाक धरायचं विसरली. शिकवायचं कुणाला सुचलंच नाही. 'त्या'ची करवंदीच्या जाळीतली जुनी जागा ओस पडली होती. आताशा 'तो' झोपतो कुठं, हेही कुणी विचारलं नाही.

एक दिवस थरथर थांबली. जमीन हलली की लांडोरीची अंडी गडगडत, म्हाताऱ्या सांबराची झोप मोडे, अशा कुरबुरी होत्या. म्हणून घळीनं आवाज बदलला. नवी हाळी बारीक होती, गोड होती, नुसती कानात शिरणारी. सगळ्यांनी वाखाणली. पवनीला कुणी सांगितलं नाही. ती नेहमीसारखी ओढ्याकाठी चरत होती. पाणी प्यायला आलेली चितळं अचानक तिच्या अंगावरून उड्या मारत गेली म्हणून तिनं मागे पाहिलं, आणि 'तो' अगदी जवळ होता. मांडीवरचं कातडं सोलवटून घेऊन ती कशीबशी निसटली.

दुसऱ्या दिवशी लंगडत ती मोहरीला घेऊन घळीकडे गेली. घळ बोले, मोहरी सांगे, पवनी तिच्या तोंडाकडे बघे.

"ती विचारतेय, तुझ्यासारख्या किती आहेत?"

"मी एकटीच."

"मग म्हणतेय..." मोहरीनं मान खाली घातली. पवनीनं तिच्या नाकाला नाक लावून मान वर करायला लावली. "म्हणतेय, एकटीसाठी एवढ्यांची झोप मोडायची का? त्यापेक्षा आत येऊन राहा. आतल्या भिंतीला पाठ टेकलीस की तुला सगळं कळेल."

पवनी आत गेली. काय करणार? ते एक सुख तिनं चाखलं होतं, ते सहजी सुटेना. आत अंधार होता आणि उबारा होता. थोडं पुढे भेकराचं एक शिंग पडलेलं होतं. त्याच्यापुढे माती दाबून दाबून मऊ झालेली, कुणीतरी रोज अंग टाकावं तशी. तिथं तिनं पाय टेकले आणि तिला खरोखरच सगळं कळलं. तळव्यांना थरथर लागत होती, पण ती हाळीची नव्हती. वर, खाली. वर, खाली. पलीकडे अंधारात कुणीतरी पोटभर जेवून झोपलेलं होतं.

ती मागच्या मागे सरकत बाहेर आली. तिच्या अंगावरचा केस न् केस उभा होता.

"मोहरीताई, तो आत आहे!"

"छे गं. आत्ताच घळ म्हणाली, तो ओढ्यापलीकडे आहे."

"घळ म्हणाली! अगं, तो घळीतच झोपतो. म्हणून तर तिला कळतं."

"आजवर एकदा तरी चुकली का ती?"

"चुकेल कशाला? तो तिला सांगून निघतो!"

मोहरीनं प्रेमानं तिची जळकी टाळू चाटली. "तुला ऐकू येत नाही ना, पवने. म्हणून तुला भीती वाटते." बाकीच्यांनी तर एवढंही सांगितलं नाही. कानजळीचं डोकंही जळलंय, एवढं बोलून ते पुन्हा ऐकण्यात दंग झाले.

पवनी आत्याबाईंकडे गेली. त्या माळावर एकट्याच होत्या.

"या! झाली आठवण?" आत्याबाईंनी चोच वाजवली. "मला झोपायला सांगून गेली होतीस ना?" पवनीला अक्षर ऐकू आलं नाही, पण तिनं मान खाली घातली. आत्याबाईंनी तिची मांडी बघितली आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं.

मग त्या दोघींनी साळिंदराला आणि एका घोरपडीला सोबत घेऊन आपल्यापुरतं काहीतरी उभं केलं. पवनीनं मागचा पाय जमिनीवर आपटायचा. तो ठोका लागला की साळिंदरानं आपटायचा, मग घोरपडीनं शेपटी आपटायची, आणि वरून आत्याबाई ओरडणार. ज्याला कान आहेत त्याला आवाज, ज्याला नाहीत त्याला ठोका. पाळीपाळीनं जागायचं. ते घळीसारखं अचूक नव्हतं. घोरपड थंडीत आखडून बसे, आत्याबाईंचा घसा गंजला होता, आणि एकदा वाऱ्यानं हललेल्या झुडपाला भिऊन सगळे उगाचच पळाले. मैदानातल्यांची हसून हसून पुरेवाट झाली. पण कोण कुठून का ओरडलं, हे इथं प्रत्येकाला ठाऊक असे.

साळिंदर लवकरच कंटाळलं. "जागून पाय आपटायचे, आणि तिकडे घळ बसल्या जागी कंद दाखवते. मी येत जाईन अधूनमधून," ते म्हणालं, आणि पुन्हा आलं नाही. पवनी मोहरीच्या मात्र हात धुऊन मागे लागली होती. "चल ना माझ्याबरोबर. कळप नको, तू एकटी ये."

"येऊन बोलू कुणाशी गं? सगळे इथंच आहेत," मोहरी म्हणाली. तिनं पाडसाला जवळ ओढलं आणि घळीच्या तोंडाशी, पहिल्या रांगेत बसली. ती जागा मिळायला भाग्य लागे.

आणि मग ती दुपार आली. उन्हं कलली होती. पवनी मैदानाच्या कडेच्या टेकाडावर पाळीला बसली होती. समोर घळीचं तोंड होतं. त्या काळोखात दोन ठिपके पेटले, आणि 'तो' बाहेर आला. लपत नाही, दबकत नाही. भर उजेडात, घरातून अंगणात यावं तसा.

पवनीनं पाय आपटला. पुन्हा आपटला. आत्याबाई उडाल्या आणि गंजलेला घसा फाटेस्तोवर ओरडू लागल्या. घोरपडीची शेपटी धपाधप पडत होती. पवनीच्या मागे उतार मोकळा होता. चार उड्यांत ती ओढ्यापलीकडे गेली असती, आणि तिचा जीव तेच म्हणत होता. पण धुरात उभी राहिलेली मोहरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती उतारावरून पुढे आली, मैदानाच्या काठापर्यंत, आणि रक्त येईस्तोवर पाय आपटत, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात ओरडू लागली, "मोहरीताई, पळ! तो बघ! समोर बघ!"

मोहरीनं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, न दिसायला 'तो' काय गवतात होता? पाडसानं अंग चोरलं. मोहरी उठून उभी राहिली, तिचा एक खूर वरसुद्धा आला. मग तिनं मान वळवून पवनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, आणि ते शब्द पवनीला नेहमीसारखे स्पष्ट कळले.

"थांब गं. अजून हाळी आली नाही."

उचललेला खूर तिनं खाली ठेवला. 'तो' पावलापावलानं जवळ येत होता, आणि अख्ख्या मैदानानं कान टवकारले, माना उंचावल्या, आणि 'त्या'च्या खांद्यावरून पलीकडे, घळ काय सांगते तिकडे लक्ष लावलं.