दाराला बांधलेली डहाळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे त्या राजाच्या वंशजांनाही सांगता येणार नाही. माळरानावर एक गाव होतं. गाव तसं भांडकुदळ आणि नको तितकं चौकस, पण एका रीतीला पक्कं. ज्या घरात आजारपण असेल त्या घराच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायची. डहाळी दिसली की शेजाऱ्यांनी भाकरी पोचवायची, गुरांना चारा घालायचा आणि त्या घरचं काम आपलं समजून करायचं.

त्या गावात विहिरी खणणारे दोन भाऊ होते. एकदा विहिरीचा कडा ढासळला आणि दोघंही मातीखाली गाडले गेले. गावानं दिवसभर माती उपसून त्यांना वर काढलं. धाकटा गेला होता. थोरल्याला मात्र साधं खरचटलंही नव्हतं. धाकट्याला अग्नी दिला, थोरल्याला तरी देव पावला म्हणून गावानं नारळ फोडला आणि जो तो आपल्या कामाला लागला.

देव अर्धाच पावलाय, हे फक्त थोरल्याच्या बायकोला कळत होतं. नवरा छपराखाली बसेना. भांडं पडलं तरी दचकून अंगणात पळे. डोळा लागला की झोपेत माती उकरू लागे. मग तो ताडी पिऊ लागला. आधी झोप यावी म्हणून, मग सकाळी हात थरथरू नयेत म्हणून, आणि मग कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. कुणी विचारलं तर बायको म्हणे, "कंबर धरलीय त्यांची." खोटं बोलताना तिचा जीव तुटायचा.

गावानं मात्र तोवर आपापली निदानं करून टाकली होती. कुणी म्हणे आळशी, कुणी म्हणे बाधा झाली, कुणी म्हणे नुसता दारुडा. शेवटी पाटलानं निरोप धाडला, "काम करायचं नसेल तर अमावास्येपर्यंत घर रिकामं करा."

बायको रडली, रागावली, आणि मग तिनं सरळ दाराला डहाळी बांधली.

घटकाभरात सगळं गाव दारात हजर झालं. पाटलानं विचारलं, "ताप आलाय का त्याला?"

"नाही."

"हाड मोडलंय? जखम झालीय?"

"नाही, पाटील. पण माझा नवरा आजारी आहे. इतके दिवस मी लाजून लपवलं, ती माझी चूक झाली."

"धडधाकट माणसासाठी डहाळी? काढ ती खाली!"

गर्दीतून गावची म्हातारी वैद्यीण काठी टेकत पुढं आली. "पाटला, विहिरीतून तुम्ही याचं नुसतं अंग वर काढलंत," ती म्हणाली. "मन अजून खालीच अडकलंय. निम्मा माणूस काढून घरी जायची रीत कधीपासून पडली?"

पाटील वरमला. "मग करायचं काय, आजी?"

"तापाला करता तेच. सेवा करा, आणि घाई करू नका."

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या येऊ लागल्या. वैद्यिणीनं काढे दिले आणि ताडी हळूहळू कमी करायला लावली. महिन्याभरानं तो पुन्हा झिंगून आला. लोक म्हणाले, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हातारी कडाडली, "ताप उलटला तर डहाळी काढून टाकता का रे?" भाकऱ्या चालू राहिल्या.

पाटील रोज संध्याकाळी अंगणात येऊन त्याच्याशेजारी बसे. एकदा थोरला आपणहून बोलला. "मातीखाली धाकट्याचा हात माझ्या हातात होता. तो गार पडत गेला, आणि मी काही करू शकलो नाही." पाटलानं उपदेश केला नाही. तो त्याच्याबरोबर रडला. बायकोनं आतून ऐकलं, आणि कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

उन्हाळ्यात गावातलं पाणी आटलं. तरुण मंडळी नवी विहीर खणू लागली. थोरला कधी नव्हे तो लांबून बघत उभा राहिला. एकाएकी तो ओरडला, "वर या! कडा सुटतोय!" पोरं वर आली न आली तोच कडा कोसळला. सगळी वाचली.

मग त्यानं कड्याला लाकडी टेकू लावायला शिकवलं. पहिल्या दिवशी तो दोर धरून दोन हात उतरला आणि घामाघूम होऊन परतला. बायको म्हणाली, "आज एवढं पुष्कळ झालं." दुसऱ्या दिवशी तो चार हात उतरला. नवव्या दिवशी तो तळाशी पोचला. अंगातलं कापरं गेलं नव्हतं, कापऱ्यासकटच तो उतरला होता. त्यानं पहार मारली आणि खडकातून पाझर फुटला. वर ढोल वाजू लागले. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्याची बायको भर गावात, पदर सावरायचं विसरून, मनसोक्त नाचली.

तात्पर्य: मनाची जखम दिसत नाही म्हणून ती खोटी नसते; तिलाही अंगावरच्या जखमेइतकीच सेवा आणि सवड लागते.