लोण्याची साक्ष

"सूर्य मावळायच्या आत या मिस्त्रीने आमचं संस्थान सोडावं!" भुजंगराव महाराज सकाळी सकाळीच गरजले. "आमच्या विलायती फ्रीजच्या पोटात हा रात्रंदिवस दिवा जळत ठेवतो!"

सोनकडा संस्थानात वीज तयार करणारं इंजिन एकच. ते तेल पिऊन पिऊन बेजार झालं होतं, कारण राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या फ्रीजची मोटर क्षणभर गप्प बसत नव्हती. तिच्या घुरघुरण्यापायी बाजारपेठेतले दिवे मिणमिणत राहायचे. दोन नव्या मोटरी मागवून झाल्या, त्याही घुरघुरतच राहिल्या. कोंडाजी मिस्त्री तीन वर्षं एकच सांगत होता, "दाराचं रबर फाटलंय, तेवढं बदला. आणि पाठीमागच्या जाळीला जरा वारा लागू द्या." पण रबरासारखी क्षुल्लक वस्तू मागवणं दरबाराच्या इतमामाला शोभत नाही, असं दिवाणजींचं मत. शोभेसाठी त्यांनी फ्रीजला हत्तीची मखमली झूल मात्र पांघरली होती, पाठीमागून थेट जमिनीपर्यंत!

"सरकार, दार लावलं की आतली कळ दबते आन् दिवा विझतो," कोंडाजी हात जोडून म्हणाला.

"खोटं! आम्ही स्वतः दिवसातून वीस वेळा दार उघडून तपासतो. वीसच्या वीस वेळा दिवा लागलेला!"

"वीसच्या वीस!" दिवाणजींनी मान डोलावली.

कोंडाजीने दार उघडून कळ बोटाने दाबून दाखवली. दिवा विझला.

"बोटाने विझतो, ते आम्हालाही दिसतंय," महाराज म्हणाले. "पण दार लावल्यावर आत कुणाचं बोट असतं?"

पलीकडे कोंडाजीची लेक गोजरी ताक घुसळत होती. मुदपाकखान्यातलं लोणी काढायचं काम तिचं. बापाचा उतरलेला चेहरा तिने पाहिला. ती रवी सोडून उठली.

"सरकार, दार बंद असताना दिवा विझतो हे दाखवून दिलं तर?"

"तर तुझा बाप इथेच राहील. पण भोक पाडायचं नाही, काच बसवायची नाही. आणि उघड्या दाराचा पुरावा आम्ही मानणार नाही. बंद दाराआडचं सांग! मग जो कुणी हा दिवा जाळत असेल, तो आजच संस्थानाबाहेर. कितीही मोठा असो!"

दिवाणजींनी हुकूम लगेच लिहून घेतला. कितीही मोठा म्हणजे किती, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

"आत माझा एक साक्षीदार ठेवते," गोजरी म्हणाली.

"त्या एवढ्याशा जागेत कुणाला बसवणार?"

"बसवणार नाही सरकार, चिकटवणार!"

तिने महाराजांना आधी दिव्याला बोट लावून पाहायला सांगितलं. "हाय!" करून महाराजांनी बोट तोंडात घातलं. दिवा चांगलाच तापला होता. मग तिने दार लावलं, दिवा निवेपर्यंत थांबली आणि दार उघडून चटकन लोण्याचा घट्ट गोळा दिव्यावर थापला. दार बंद झालं. फटीवर लाख ओतून महाराजांनी स्वतःच्या हाताने मोहोर उठवली.

दिवस भलताच लांबला. महाराज सात वेळा दारापाशी आले.

"नुसतं बघू का गं?"

"मोहोर सरकारांचीच आहे. मोडली तर सरकारांचा शब्द मोडेल."

महाराज सात वेळा परत गेले. दुपारी एकाएकी घुरघूर थांबली.

"मोटर मेली!" दिवाणजी ओरडले.

"मेली न्हाई," कोंडाजी म्हणाला. "लाखेनं फट बुजली आन् दार कुणी उघडलं न्हाई, म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा टेकलीय बिचारी."

ऊन कलल्यावर मोहोर फोडली. दार उघडलं. लोणी सकाळी होतं तसंच होतं, त्यावर गोजरीच्या बोटांचे ठसेसुद्धा तसेच.

"दिवसभर दिवा जळला असता, तर याचं तूप झालं असतं सरकार!"

"पण दिवा तर लागलेलाच आहे!" महाराज दार धरून तावातावाने सांगू लागले. "पाहा, पाहा! आम्ही म्हणतो तसंच आहे! आजवर एकदाही आम्ही पाहिला आणि विझलेला होता, असं झालेलं नाही. आमच्या आजोबांच्या वेळी..."

आजोबांची हकीकत लांबली. लोणी आधी चकाकलं, मग ओघळलं, आणि टप्‌कन महाराजांच्या जरीच्या मोजडीवर पडलं.

"अरे! हे कुणी केलं?"

"ज्यानं दिवा जाळला त्यानं," गोजरी म्हणाली. "दार बंद होतं तोवर साक्षीदार तोंड उघडत नव्हता. आता बोललाय, आन् गुन्हेगाराचे पायसुद्धा धरलेत!"

कोंडाजीने डोळेच मिटले. महाराजांनी मोजडीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग हातातल्या दाराकडे.

"दिवाणजी, सकाळी काय लिहिलंत?"

"कितीही मोठा असो..." दिवाणजींनी कागद पाठीमागे लपवला.

"आणि सूर्य?"

"मावळतोय, सरकार."

"मग गोजरे, आम्ही जायचं तरी कुठे?"

"संस्थानाबाहेर कशाला सरकार? मुदपाकखान्याबाहेर गेलात तरी पुरे!"

महाराज आधी गुरगुरले, मग फुटले, आणि पोट धरून इतके हसले की दुसऱ्या मोजडीवरही लोणी पडलं. "माग! काय हवं ते माग!"

"बाबांना दाराचं नवं रबर. आन् मला ती झूल."

"झूल? तू काय हत्ती पाळणार आहेस?"

"थंडीत पांघरीन सरकार. माझी पाठ झाकली जाईल, मोटरीची उघडी पडेल. दोघींनाही तेच हवंय!"

"बक्षीससुद्धा आमच्याच मोटरीला मागते!" महाराज पुन्हा हसत सुटले आणि त्यांनी स्वतःच झूल ओढून तिच्या खांद्यावर टाकली. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी फ्रीजचं दार लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं नाही. दिवाणजी मात्र एका रबराच्या पट्टीसाठी पत्र लिहायला बसले, संपूर्ण दरबारी मायन्यासकट!