शेठाणी कुठे गेली?

एका बाजारपेठेच्या गावात भिकाशेठ नावाचा एक साडीवाला होता. माल अस्सल, जीभ गोड, खोड एकच. "आणखी थोडं" म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जेवताना ठेचा आणखी थोडा, आणि मग पोट धरून बसणं.

समोर नवं दुकान उघडलं आणि भिकाशेठचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. ही लग्नसराई कोरडी गेली तर दुकानाला कुलूप, हे त्याला कळून चुकलं. म्हणून त्याने दारावर मोठा फोटो लावायचं ठरवलं. बायकोलाच, अनसूयाबाईला, हिरवी पैठणी नेसवून उभं केलं आणि नामा फोटोवाल्याला बोलावलं.

नामा म्हणाला, "शेठ, मागची चुन्याची भिंत कोरी राहू द्या. पैठणी उठून दिसेल."

"कोरी भिंत? लोक म्हणतील, माल संपला!"

झालं! मागे हिरवे शालू टांगले. बाजूला इरकली, खण, फेटे. वर झेंडूची तोरणं, खाली केळीची पानं. आणखी थोडं म्हणून लोड-तक्केसुद्धा आले. नामाने कपाळावर हात मारला आणि बटण दाबलं.

फोटो दारावर चढला. दुसऱ्याच दिवशी गिरजाआजी जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन हजर. "शेठ, गोधडी कधी शिवून द्याल?"

"गोधडी? अहो आजी, हे साड्यांचं दुकान!"

"मग दारावर एवढी मोठी गोधडी कशाला टांगलीय?"

संध्याकाळपर्यंत दुकानात गाठोड्यांचा ढीग लागला. साडी मात्र एकही खपली नाही.

भिकाशेठ तणतणत घरात आला. "लोकांना डोळेच नाहीत!"

अनसूयाबाईने त्याला हाताला धरून फोटोखाली आणलं. "तुम्हाला आहेत ना? मग यात मी कुठाय ते दाखवा."

शेठने डोळे चोळले, मान वाकडी केली आणि मोठ्या खात्रीने बोट दाखवलं. तिथे तक्क्या होता.

"अगंबाई! म्हणजे मी माहेरी निघून गेले, तरी तुम्ही त्या तक्क्याशीच बोलत बसाल!"

शेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नामाला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी कोरी पांढरी भिंत आणि हिरव्या पैठणीचा लाल पदर, बस्स. शेठच्या हातात मात्र झेंडूची एक माळ होतीच. "आणखी थो..." त्याच्या तोंडून निघालं. अनसूयाबाईने नुसतं पाहिलं. शेठने ती माळ मुकाट्याने स्वतःच्याच गळ्यात घातली आणि नामाच्या मागे जाऊन उभा राहिला.

नवा फोटो पार एसटी स्टँडावरून दिसू लागला. "ती दारावरची पैठणी दाखवा हो," म्हणत बायका येऊ लागल्या. गेलेलं गिऱ्हाईक परतलं. गिरजाआजी आपलं गाठोडं न्यायला आली, ती फोटोकडे बघतच राहिली.

"अगो बया, ही तर आपली अनसूया! एवढी देखणी आहे होय?"

"आजी," भिकाशेठ हळूच म्हणाला, "मलाही आत्ताच दिसली."

तात्पर्य: सगळंच दाखवायच्या हव्यासात जे दाखवायचं तेच झाकलं जातं. ज्याला उठाव द्यायचा, त्याच्याभोवती जागा मोकळी सोडावी. उरलेल्या माळा आपल्याच गळ्यात घालून गप्प राहावं.