आधी तुम्हीच घ्या

साल कोणतं, हे केळुसकर प्राध्यापकांना आता नक्की आठवत नाही. सावंतवाडीतलं घर पसंत पडलं होतं, साठेखत तयार होतं, पण घरावर कर्ज-बोजा आहे का हे सांगणारा सर्च रिपोर्ट काही येत नव्हता.

व्यवहार पाहणारे वकील परुळेकर गुरगुरले, "सर्च म्हणजे नुसता उपचार हो! मी सांगतो ना, डोळे मिटून सही करा."

आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली. तरी प्राध्यापकांनी भिडेपोटी पेन उचललं. कुमुदिनीबाईंनी नवऱ्याचा हात धरला.

"वकीलसाहेब, एवढी खात्री आहे, तर आज तुम्हीच घ्या हे घर. रिपोर्ट आला की आम्ही तुमच्याकडून घेऊ."

वकिलांनी साठेखत मिटलं. आठवड्यात रिपोर्ट आला. घर गहाण होतं.

कित्येक वर्षांनी प्राध्यापकांच्या एक गोष्ट कानावर आली आणि त्यांनी तिची खात्री करून घेतली: घाई करणाऱ्या दलालांना परुळेकर हेच उत्तर देतात, तेही कुमुदिनीबाईंचं नाव घेऊन.