माशांची साक्ष

“माशांच्या वाटचं तेल मी घेतलं नाही!” सांगून सांगून भिवराबाईचा घसा बसला, पण एकाही मेल्याला ते पटलं नाही.

राजाच्या तळ्यातल्या रोहूंना चारा घालायचं काम तिचं. कोंडा न् पेंड जवसाच्या तेलात मळायची, गोळे वळायचे, पाण्यात टाकायचे. तेल खाऊन मासे असे माजले होते, की बघत राहावं! पण दोन महिने झाले, तेलाची घागर तळ्यावर पोचलीच नव्हती. कोरडे गोळे खाऊन रोहूंच्या काड्या झाल्या, आणि नेमके तेच व्याह्यांच्या ताटात वाढले गेले! राजा भुजंगराव तणतणत तळ्यावर आला.

“कारभारी म्हणतात, तेल रोज निघतं. म्हणजे तूच ढोसलंस!”

“ढोसलं असतं तर अशी वाळकी राहिले असते का?”

“तोंड आवर! साक्षीदार कोण तुझा?”

“इथं मी आणि मासे. तिसरं कोण असणार?”

“मग मासेच साक्ष देऊ देत! दिवस मावळायच्या आत! नाही दिली, तर तळं सुटलं तुझं, आणि गाढवावरून धिंड!”

बोलता बोलता राजा अगदी अंगावर आला. भिवराबाईचं नाक फुरफुरलं. तिनं पदर खोचला.

“देतील की! ज्याचा ज्याचा या तेलाशी संबंध, त्यानं पाण्यात उतरायचं. मासे दाखवतील चोर.”

आधी ती स्वतः उतरली. मासे आले, हुंगून गेले. मग कारभारी विसाजीपंत धोतर वर धरून, देवाचं नाव घेत उतरले. एका माशानं ढुंकून पाहिलं नाही.

“झालं समाधान?” राजा म्हणाला.

“कसं होईल? तेलाचा हुकूम कुणाचा? उतरा महाराज!”

“मी? मी काय जवस पितो?”

“मग भिता कशाला?”

राजा तोऱ्यात उतरला, आणि पाणी उसळलं! तळ्यातले सगळे रोहू त्याच्या पोटऱ्यांवर तुटून पडले. पाण्यावर तेलाचा हा एवढा तवंग!

“अगं, गुदगुल्या! हाकल त्यांना! हीहीही!” नाचता नाचता राजा धपकन खाली बसला. मग तर मासे पोटालाच लागले!

राजाबरोबर आलेला मालिशवाला रखमाजी हात जोडत काठावर आला. “महाराज, तिळाचं तेल संपलेलं. तुम्हीच म्हणालात, मिळेल ते आण, पण मालिश चुकवू नकोस! कोठीच्या दारात ही जवसाच्या तेलाची घागर दिसली... तेव्हापासून रोज तीच!”

“वास मघाशीच आला होता मला,” भिवराबाई म्हणाली. “पण माझं कोण ऐकतंय!”

राजा इतका हसला, की नाकात पाणी गेलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तिला दिलं, वर तेलाच्या कोठीची किल्लीही!

“आणि दवंडी पिटवा, तेलचोर सापडला म्हणून!”

दवंडीवाला डफ घेऊन घुटमळला. “नाव काय सांगू, सरकार?”

राजा पाण्यात बसूनच गरजला, “सांग की बेधडक! भुजंगराव!”