सहावी घटका

“म्हणजे हे ग्रहण तूच लावलंस म्हणतोस?” खेमनाथांनी ओला पंचा पिळत विचारलं.

“मीच!” सुधन्वा म्हणाला. पायात दोर, पण मान ताठ. “नायकाला सांगा, मला कड्यावरून ढकललं तर सूर्य सोडणार नाही.”

हा सुधन्वा नाशिकचा इंजिनिअर. पुलाच्या परांचीवरून पडला आणि डोळे उघडले ते साडेसातशे वर्षं मागे, यादवांच्या राज्यात. किल्ल्याच्या नायकानं हेर समजून धरला. ग्रहणात कुणाला मारायचं नाही. ग्रहण सुटल्याची घंटा झाली, की कडेलोट. तोवर मुक्काम खेमनाथांच्या मठात.

“सोडशील रे,” खेमनाथ हसले. “सहाव्या घटकेला. जोशीबुवांनी पंधरवड्यापूर्वीच दवंडी दिलीय. अंघोळ केलीस का?”

सुधन्वाची ताठ मान खाली आली.

“नायक माझं ऐकतो. माणूस उपयोगाचा आहे म्हटलं, तर सोडेल. तुला येतं काय?”

“तेलाशिवाय दिवा. बैलाशिवाय गाडी. शंभर कोसांवरून बोलणं!”

“वा! लाव दिवा.”

“त्याला तार लागते... कारखाना लागतो...”

पाटी झकास आणि दुकानात माल नाही, अशातली गत.

“मग येतं काय?”

सुधन्वानं घाईघाईनं इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं घंगाळ. त्यात तांब्याची वाटी तरंगत होती. तळाला बारीक भोक. पाणी आत चढत होतं.

“ही वाटी गळतेय! ही मी दुरुस्त करतो.”

त्यानं वाटी रिकामी केली, भोकात मेण दाबलं आणि परत पाण्यावर ठेवली. थेंब आत येईना. पठ्ठ्या खूश.

खेमनाथ मिशीत हसले.

बराच वेळ गेला. आभाळ ढगांनी गच्च. सूर्य सुटला की नाही, कुणाला दिसेना. शेवटी किल्ल्यावरचा शिपाई म्हाळू धापा टाकत आला.

“बाबा, सहावी घंटा का नाही? घंटा होईस्तोवर गावात चूल पेटत नाही. माझी कारभारीण ओली बाळंतीण. पोटात अन्न नाही, अंगावर दूध येईना. नायकही उपाशी, तापलाय!”

“वाटी बुडाली, की घंटा. वाटी बुडतच नाही रे, मी काय करू?”

सुधन्वानं वाटीकडं पाहिलं. मग कड्याकडं. मग त्याला सगळं समजलं... घंटा नाही, तर कडेलोटही नाही! त्याला हसूच फुटलं.

खाली गावात एक तान्हं रडत होतं. थांबेचना.

सुधन्वाचं हसू विरलं... त्यानं वाटी उचलली. नखानं मेण कोरून काढलं आणि वाटी पाण्यावर ठेवली.

वाटीनं आपली पुरती घटका घेतली. तिघंही बघत बसले. मग ती डुबुक्कन बुडाली आणि खेमनाथांनी घंटेवर टोला हाणला.

म्हाळूनं दोर धरला. “चला पाहुणे.”

“सोड तो दोर,” खेमनाथ म्हणाले. “नायकाला सांग, मठाला घटका मोजायला माणूस मिळाला.”

“सांगतो, सांगतो!” म्हाळू घराकडंच पळाला. किल्ला नंतर.

“महाराज,” सुधन्वा पुटपुटला, “खरं सांगू? मला काहीच येत नाही.”

खेमनाथांनी पाण्यातली वाटी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“तिला तरी कुठं काय येतं, बाळा? तळाला भोक आहे, एवढंच.”